डबा, वही आणि आंबापोळी : एका उन्हाळ्याच्या प्रकल्प नोंदी

30 मार्च 2025, रविवार (गुढीपाडवा)

गुढीचा तांब्या काढायला माळ्यावर चढले, तर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाताला लागला. झाकण गंजून घट्ट बसलेलं. उलथन्याने उचकटलं तर आत नाटकांची तिकिटं. गठ्ठ्याला रबरबँड होता, तो बोट लागताच तुकडे होऊन पडला. गुलाबी, पिवळी, फिक्कट हिरवी, पतंगाच्या कागदाहून जरा जाड अशी तिकिटं. सगळी दारावर फाडलेली अर्धुकं.

आईला खाली नेऊन दाखवली. "अगं, ही तुझ्या बाबांची. टाकू नकोस हं." टाकणार कशाला? मोजली. 143.

आयुष्य हिशेबात गेलं, त्यामुळे वही आखायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रकाने : अनुक्रमांक, तारीख, नाट्यगृह, रांग-आसन, दर, नाटक. शेवटी सवयीने 'शेरा' आखला. त्याला दोन बोटं जागा ठेवली, पुरेल.

मुदत : पाऊस सुरू होण्याआधी.

6 एप्रिल, रविवार

पहिली अडचण. यातल्या बहुतेक तिकिटांवर नाटकाचं नावच नाही. नाट्यगृहाचं नाव, छापील नंबर, दर, तारखेचा जांभळा शिक्का आणि पेनाने लिहिलेला आसन क्रमांक, बस्स. म्हणजे ज्यासाठी वही आखली तोच रकाना कोरा राहणार.

बाकीचं मात्र भराभर लागलं. सगळ्यात जुनं तिकीट जुलै 1968चं, पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचं. रंगमंदिर उघडलं त्या साली 26 जूनला, म्हणजे हे दोघं महिन्याभरात हजर. आईचं लग्न आदल्या वर्षीचं. "नवीन रंगाचा वास यायचा," म्हणाली. नाटक कुठलं ते आठवत नाही. वास आठवतो.

मग भरत, टिळक स्मारक, पुन्हा बालगंधर्व. दर वेळी दोन तिकिटं आणि जवळजवळ दर वेळी कडेच्या खुर्च्या. मला वाटलं, मिळतील ती घेत असतील. आई हसली. बाबा बुकिंगच्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी रांगेत उभे राहायचे. खिडकीच्या आत टेबलावर प्लॅन पसरलेला असायचा, खुर्च्यांचे चौकोन छापलेला मोठा कागद, आणि विकलेल्या चौकोनावर क्लार्क पेन्सिलीने फुली मारायचा. पुढच्या मधल्या जागा मोकळ्या असल्या तरी बाबा कडेच्या मागायचे. कारण एकच, मध्यंतराचा दिवा लागला रे लागला की वड्यांच्या टेबलाशी पहिला नंबर.

1971च्या फेब्रुवारीनंतर चौदा महिने एकही तिकीट नाही. मी मार्चमधली. शेऱ्यात लिहिलं : 'माझ्यामुळे.'

17 आणि 18 क्रमांकाची तिकिटं एकमेकांना चिकटलेली आहेत. बालगंधर्व, 3 मे 1969, दर प्रत्येकी रु. 4. मधे काहीतरी तपकिरी, काचेसारखं. डिंक नाही. आईने चष्मा लावून पाहिलं, नखाने खरवडलं आणि मी अडवायच्या आत बोट जिभेला लावलं. "गोड नाहीये आता. पण आंबापोळी आहे ही."

राजापूरजवळच्या घरून आजी दर वर्षी पाठवायची. बाबा तिचे तुकडे सुती रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचे. दुसऱ्या अंकात, काळोखात, एक तुकडा आईच्या तळहातावर. आवाज होत नाही, हात बरबटत नाहीत, बराच वेळ पुरते. मेच्या तीन तारखेला नवीन पोळी कुठली, ती आदल्या वर्षीची असणार, हाही खुलासा आईनेच केला.

"आता तशी मिळत नाही कुठे," म्हणाली. मिळते. पाकिटातली मीच दोनदा आणली होती, दोन्ही वेळा तिने एक तुकडा खाऊन बाजूला सारली.

प्रकल्पात वाढ : आंबापोळी, घरी, गच्चीवर.

12 एप्रिल, शनिवार

चैत्रगौरीचं हळदीकुंकू उरकलं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. पन्ह्याचं माप टिपून ठेवते, दर वर्षी विसरते : उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, तर किसलेला गूळ दीड वाटी. कैरी फार आंबट असेल तर पावणेदोन. वेलची, चिमूटभर मीठ, केशर असलं तर. हा घट्ट बलक फ्रीजमध्ये राहतो आणि ग्लासात दोन चमचे घालून गार पाणी ओतलं की झालं. साखरेचं पन्हं दिसायला छान, पण मला ते सरबत वाटतं.

मावशी आणि सुलूकाकू थांबल्या होत्या. मी वही काढली आणि चूक केली. दोन तास उठल्या नाहीत.

क्र. 46, भरत नाट्य मंदिर, ऑगस्ट 1973. मावशी ठाम : हे 'घाशीराम कोतवाल'. मी म्हटलं, शक्य नाही. पहिला प्रयोग भरतलाच झाला, 16 डिसेंबर 1972ला, इथपर्यंत बरोबर. पण 19 प्रयोगांनंतर जानेवारीत ते बसवणाऱ्या संस्थेनेच नाटक बंद केलं आणि थिएटर अ‍ॅकॅडमीने ते पुन्हा उभं केलं 1974मध्ये. ऑगस्ट 73मध्ये ते नाटक चालूच नव्हतं.

"मग त्यात माणसांची भिंत होती ती?" मावशी.

"भिंत होतीच, पण ते तू नंतर पाहिलं असशील."

"मी तुझ्या आईच्या शेजारी बसून पाहिलंय. हिने हिरवी इरकल नेसली होती."

आई म्हणाली, इरकल बरोबर, पण ती त्या दिवशी नव्हे, काकूच्या मंगळागौरीला. मग इरकल कुणी आणली, कुठून आणली, तिचं पुढे काय झालं (गोधडी झाली). नाटक राहिलं बाजूला. शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा, त्यात इरकल मावेना. वहीला बाजूने कागदाची पट्टी चिकटवली.

नाटकांची नावं लागलेली : आज 9. त्यांतली पाच तिघींनाही मान्य.

19 एप्रिल, शनिवार

सकाळी सहाला मार्केट यार्ड. आंब्याच्या गाळ्यांवर पाऊल ठेवायला जागा नाही. 'रत्नागिरी, देवगड' असं ओरडून विकलं जाणारं सगळं तिथलंच असतं असं नाही. पेटी उघडून वरचा थर दाखवतात, खालचा घरी गेल्यावर दिसतो. मी एकदा फसले आहे, म्हणून या वेळी खालचे दोन काढून दाखवायला लावले. विक्रेत्याचं तोंड वाकडं झालं, होऊ दे.

घेतले ते असे : हापूस एक डझन, अर्धवट पिकलेले. आणि पोळीसाठी रायवळ चार डझन, छोटे, धागेवाले, पण वास असा की रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं. निव्वळ हापूसची पोळी करू नकोस, असं आईने बजावलं होतं. नुसत्या हापूसची पोळी गुळमट लागते, रायवळाने तिला जरा आंबट धार येते.

घरी आल्यावर पलंगाखाली पेंढ्यावर मांडले. भाताचा पेंढा पुण्यात मिळवणं हे आंबे मिळवण्यापेक्षा अवघड निघालं. शेवटी कुंभाराकडून माठांच्या पॅकिंगमधला आणला.

26 एप्रिल, शनिवार

पहिली खेप.

सकाळी साडेसहाला रस काढायला बसलो. हापूस तीन कापल्यावर साका निघाले, वरून निर्दोष आणि आत बाठ्याजवळ पांढरट स्पंजासारखा गर. जमिनीची धग लागलेल्या आंब्यात हे होतं असं आजी म्हणायची, म्हणून तिच्याकडे उतरवलेले आंबे उन्हात ठेवायचे नाहीत. रायवळ सगळे चांगले. रायवळाचा रस यंत्राने नाही निघत, धागे अडकतात. हाताने पिळायचा, बाठा शेवटी चोखायचा. बाठे चोखायच्या कामाला आई.

गाळून रस 2 किलो 100 ग्रॅम. साखर 200 ग्रॅम. शिजवला नाही. काही जणी शिजवतात, टिकते जास्त, पण रंग काळवंडतो.

चार ताटांना तुपाचा हात. इथेच खरं कौशल्य, आणि ते मला येत नाही. पळीने रस मधोमध ओतायचा आणि ताट दोन्ही हातांत धरून हलकेच गोल झुलवायचं. रस आपणहून काठापर्यंत सरकतो. चमच्याने पसरला तर कुठे जाड, कुठे पातळ होतो आणि पातळ भाग आधी वाळून तडकतो. माझी पहिली दोन ताटं नकाशासारखी झाली. तिसरं आईने घेतलं. तिचे हात आता थरथरतात, मला वाटलं सांडणार. पण त्या थरथरीनेच रस असा पसरला की कडेला एक रेघही जाड नाही.

गच्चीवर दोन स्टुलांवर फळी, स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत (मुंग्या), ताटांवर आजोबांचं जुनं धोतर ताणून (माशा). कावळ्यांसाठी तिसऱ्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा. पगार : एक पोळी. पारा चाळिशीच्या वर, त्यामुळे तो धोतराच्या नव्हे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. त्याच्याकडे करवंदांचा द्रोण होता. एक फोडून दाखवलं, आत लाल. "कोंबडा!" म्हणाला. आजही मुलं कोंबडा की कोंबडी खेळतात, हे पाहून उगाच बरं वाटलं.

29 एप्रिल, मंगळवार

दुसऱ्या दिवशी दुसरा थर, तिसऱ्या दिवशी कडा सोडवून उलटी. आज चौथा दिवस. बोट दाबलं तर ठसा उठत नाही आणि वाकवली तर मोडत नाही. झाली.

चार ताटांचं वजन मिळून 640 ग्रॅम. एक पोळी राखणदाराला. त्याने जिन्यातच संपवली.

आईने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मीठ घातलं नाहीस?" आजी म्हणे चिमूट घालायची. हे आता सांगते!

11 मे, रविवार

बालगंधर्व, संध्याकाळी साडेपाच. आई चार वर्षांनी नाटकाला.

भाचीने फोनवर बुकिंग केलं, मोठ्या प्रेमाने, दहावी रांग, अगदी मधोमध. आईने हात पुढे केला, "तिकिटं दे, माझ्या पर्समध्ये ठेवते." भाचीने फोन दाखवला. आईने फोन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. दारावरच्या माणसाने फोनवर यंत्र धरलं, टुक् वाजलं, आत जा म्हणाला. आई जागची हलेना. अर्धुकं परत मिळायची वाट बघत होती.

पायऱ्या सावकाश चढली. आत देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. तिथे ती नेहमी थांबते. आजीने, म्हणजे तिच्या आईने, बालगंधर्वांची 'मानापमान'मधली भामिनी पाहिली होती. शालू कसा नेसला होता याचं वर्णन आजी करायची, आणि आई ते वर्णन स्वतः पाहिल्यासारखं करते. या इमारतीचं भूमिपूजन 1962मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं, आणि उद्घाटनाच्या आदल्या वर्षी ते गेले. आईला याची दर वेळी नव्याने हळहळ वाटते.

तिसरी घंटा झाली. मोबाइल बंद ठेवण्याची विनंती झाली. पडदा वर गेल्यावर पाचव्या मिनिटाला कुणाचा तरी वाजलाच.

नाटक विनोदी, दोन अंकी. पहिला अंक छान, दुसरा लांबला. मध्यंतरात आम्ही मधोमध अडकलेलो. दोन्ही बाजूंनी गुडघे, पिशव्या, "जरा जाऊ द्या हो". बाहेर पोचलो तेव्हा वड्यांची रांग वळसा घेऊन दारापर्यंत आलेली. आमचा नंबर आला आणि परात रिकामी. चहा मिळाला, कोमट. बाबांच्या कडेच्या खुर्च्यांचा अर्थ मला चोपन्नाव्या वर्षी, भुकेल्या पोटी कळला.

दुसऱ्या अंकात मागच्या रांगेत वेफर्सचं पाकीट. फोडण्याचा आवाज, मग प्रत्येक वेफरचा वेगळा आवाज. स्टेजवर नेमका हळवा प्रसंग. आईने पर्सची चेन हळूहळू उघडली, रुमाल सोडला, आणि काळोखात माझ्या तळहातावर काहीतरी गार, चिवट, किंचित चिकट ठेवलं. मी नाटकाकडेच पाहत राहिले. पोळी कडेला मऊ झाली होती, पर्समधल्या उष्णतेने. नारळी सुपारीचा थोडा वास लागलेला, तिच्या पर्समध्ये ती कायम असते.

नंतर आई दहाएक मिनिटं झोपली. शेवटच्या हशाला मात्र बरोबर जागी होऊन हसली.

रिक्षात म्हणाली, "तिकीट नसेल तर वहीत काय लिहिणार तू?"

17 मे, शनिवार

दुसरी खेप, मोठी. भाऊ जूनमध्ये अमेरिकेहून येतोय, त्याला न्यायला आणि मावशी-काकूंना द्यायला. पहिल्या यशाने अंगात वारं भरलं होतं हे कबूल. आंब्यांचे भाव उतरलेले, रायवळ आणि पायरी घेतले. रस साडेपाच किलो. मीठ घातलं. अकरा ताटं, त्यांतली चार शेजारच्यांची. ताट झुलवणं मला आता जमतं, सातव्या ताटापासून.

दुपारी चारनंतर ढग. वळवाचे असतील.

20 मे, मंगळवार

वळवाचे कसले! संध्याकाळी वारा, वीज आणि पाऊस. मी ऑफिसात. राखणदार धावत वर गेला, अकरापैकी सात ताटं जिन्यात आणली, बाकी चार भिजली. त्यांतल्या एका ताटात धोतर बुडालेलं, केशरी.

23 मे, शुक्रवार

ऊन नाहीच. सात ताटं पंख्याखाली. वरून वाळल्यासारखी, खाली ओली. एका ताटावर कापसासारखा ठिपका, टाकलं. सगळ्या घराला आंबूस वास. आई काही बोलत नाही, पण जाता येता ताटांकडे बघते.

रात्री निर्णय : दोन ताटं ठेवायची, बाकी चार खरवडून कढईत. मंद आचेवर पाऊण तास, साखर घालून, कालथा कढईत उभा राहीपर्यंत आटवलं. गोळा झाला. त्याच्या वड्या, नाहीतर शिऱ्यात. पोळी नव्हे.

26 मे, सोमवार

मोसमी पाऊस आज पुण्यात आणि मुंबईतही. मुंबईत एरवी 11 जूनची तारीख, यंदा सोळा दिवस आधी. माझी मुदत 'पाऊस सुरू होण्याआधी' अशी होती, त्यात पाऊस कधी ते लिहिलं नव्हतं.

दोन ताटं कशीबशी सुटली, एकूण 310 ग्रॅम. तळाला जरा दमट. बटर पेपर लावून फ्रीजमध्ये.

जांभळं बाजारात आली. ती नुसती मीठ लावून वाटीत हलवून खायची, त्याला प्रकल्प लागत नाही.

8 जून, रविवार

भाऊ आला. पोळी पाहून म्हणाला, "इतकीच?" त्याला कहाणी सांगितली नाही, वड्या पुढे केल्या.

वही त्याने एका बैठकीत वाचली. क्र. 91 त्याने ओळखलं. 1983, टिळक स्मारक, तीन तिकिटं आणि त्याचा तिकिटाशिवाय बाबांच्या मांडीवरचा प्रवेश. अंक सुरू झाल्यावर त्याने रडून गोंधळ घातला आणि बाबा त्याला घेऊन बाहेर बसले. त्याला ते आठवत नाही, आईला आठवतं. नाटक बाबांचं बघायचं राहिलं, ते शेवटपर्यंत राहिलंच.

स्थिती : नोंदलेली 143. नाटकाचं नाव लागलेली 61. शेऱ्याच्या पट्ट्या एकोणीस, वही मिटत नाही.

क्र. 144 : 11 मे. भाचीच्या फोनवरचा मजकूर आईने झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर छापून आणायला लावला. मोठा कागद, चार घड्या घालूनही डब्यात उभाच राहतो.

17-18 सुटी करायचा प्रयत्न काल केला. पातेल्यात पाणी उकळून वाफेवर धरली. मधलं मऊ झालं नाही, उलट वरच्या तिकिटाचा कोपरा फाटला आणि शिक्क्याची शाई पसरली. आई रागावली. मग स्वतःच वही ओढून घेतली, "दोघं एका तिकिटावर गेलो, असं लिही."

तसं लिहिलं. दराच्या रकान्यात रु. 4. आता बेरीज चार रुपयांनी कमी येते. येऊ दे.